पोटरीवरची पट्टी

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायाचं कुठलंही छायाचित्र पाहा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पायाला लोकरीची लांब पट्टी गुंडाळलेली दिसेल. वस्तू आपल्याकडची, आणि इंग्रजीतलं तिचं नावही इथूनच गेलेलं. हिमालयातले डोंगरी लोक थंडी, काटे, खडे लागू नयेत म्हणून पोटऱ्यांना कापड गुंडाळत. चढणीला पायाला आधार मिळे तो वेगळाच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातल्या फौजांनी ही पट्टी उचलली. पोटरी झाकणारे चामड्याचे गेटर महाग पडत आणि भिजून वाळले की तडकत. पट्टी स्वस्त, शिवाय कुठल्याही मापाच्या पायाला चालणारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाकी गणवेशाबरोबर ती साऱ्या ब्रिटिश सैन्यात गेली. सॉमरसेटमधल्या वेलिंग्टनच्या फॉक्स ब्रदर्स या गिरणीने तर पोटरीच्या फुगवट्यावर नीट बसेल अशी वळणदार पट्टी काढून नाव कमावलं. बांधायची रीतही ठरलेली होती. पायदळाने घोट्याकडून वर गुंडाळत जायचं आणि गुडघ्याखाली नाडी बांधायची. घोडदळाचं उलट, गाठ खाली घोट्याशी.

ही सगळी सोय चालत्या माणसाची. १९१४च्या हिवाळ्यात पश्चिम आघाडीवर चालणंच थांबलं. दोन्ही फौजा खंदकांत उतरल्या. बेल्जियम-फ्रान्स सीमेवरच्या फ्लँडर्सची जमीन चिकणमातीची, थोडं खणलं की पाणी लागणारी. शिपाई गार चिखलात घोटाभर, कधी गुडघाभर बुडून तासन् तास उभा असे, आणि बूट-पट्ट्या काही दिवस उतरतच नसत.

पाय भिजलेला आणि गारठलेला राहिला की रक्तवाहिन्या आकसतात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. चालणाऱ्याची पोटरी रक्त वर ढकलत राहते, उभ्याची ढकलत नाही. त्यात भिजलेली लोकर आवळते आणि घट्ट बांधलेली पट्टी करकचून बसते. आधी पाय बधिर होतो, पांढराफटक पडतो. खरं दुखणं ऊब मिळाल्यावर सुरू होतं. पाय सुजून टम्म होतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. मग फोड येतात, बोटं काळी पडतात आणि काहींचे पाय कापावे लागतात. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लारे याने असे पाय त्याच्या शंभर वर्षं आधी पाहून ठेवले होते, पण नाव पडलं ते या युद्धात, ‘ट्रेंच फूट’. पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश फौजेत सुमारे २०,००० जणांना तो झाला. फ्रान्समधल्या इस्पितळांत युद्धभरात ट्रेंच फूट आणि हिमदंश मिळून सुमारे ७५,००० जण दाखल झाले.

हिंदी फौजा त्या पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावरच पश्चिम आघाडीवर पोचल्या. ऑक्टोबर १९१४मध्ये न्यूव्ह शापेलला खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० आणि २१ क्रमांकांच्या कंपन्या लढल्या. नोव्हेंबरात फेस्टुबर्टजवळ गढवाल रायफल्स होती. ज्या डोंगरांतून पट्टी निघाली, तिथल्याच पोरांच्या पोटऱ्यांवर ती फ्रान्सच्या चिखलात भिजत होती.

उपाय हळूहळू सापडले. खंदकात लाकडी फळ्यांच्या जाळ्या टाकल्या. रोज मोजे बदलायचे, पट्टी सैल बांधायची, पायाला व्हेलचं तेल चोळायचं, असे हुकूम निघाले. कित्येक तुकड्यांत दोघादोघांच्या जोड्या लावून एकमेकांचे पाय चोळायला लावत, आणि अधिकारी ते जातीने तपासत. तेलाला घाण वास येई. नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने दहा लाखांहून अधिक जोड गमबूट पुरवले. या उपायांनी फरक पडला, नाही असं नाही. पण पाय बिघडला की वरिष्ठ मंडळी शिस्त ढिली पडल्याचं म्हणत आणि तुकडीच्या अधिकाऱ्याकडे जाब मागत. माणसाला दिवसेंदिवस पाण्यात उभं करायचं आणि पाय सडला की बेशिस्त म्हणायचं, हा सोयीचा न्याय होता. सगळा दोष पट्टीवरही टाकता येत नाही. तिच्याविना उभा राहिलेला पायही त्या पाण्यात वाचला नसता.

गंमत म्हणजे, एवढं होऊनही पट्टी पसरतच गेली. उंच बूट घालणाऱ्या जर्मनांना चामडं पुरेना, तेव्हा त्यांच्यातले पुष्कळजण आखूड बूट आणि पट्ट्यांवर आले. अमेरिकन फ्रान्सला आले ते कॅनव्हासचे लेगिंग घालून, आणि तिथे त्यांनीही पट्ट्या गुंडाळल्या. ब्रिटिश सैन्यातली गुडघ्यापर्यंतची पट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर गेली, घोट्यापुरती आखूड मात्र राहिली. १९८२च्या युद्धात फॉकलंड बेटांवरच्या ओल्या, थंड दलदलीत ब्रिटिश शिपाई आखूड बूट आणि तीच पट्टी घालून उतरले. पुन्हा ट्रेंच फूटचे रुग्ण निघाले. उंच बूट सैन्याला मिळाले ते त्यानंतर.