दोन कमानी आणि एक जनता

घड्याळ घेताना आपण डायल बघतो, पट्टा बघतो. घड्याळजी मात्र आधी मागचं झाकण उघडतो. आतल्या यंत्राला तो नुसतं 'मशीन' म्हणतो, आणि खरं घड्याळ तेच. आज अशा दोन मशीन्सबद्दल. दोन्ही तुमच्या आजोबांच्या कपाटात सापडायची बरीच शक्यता आहे.

पहिलं फेवर ल्युबाचं. १७३७ साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेलं हे घराणं १८६५ च्या सुमारास मुंबईत आलं आणि इतकं रुळलं की अनेकांना ते इथलंच वाटायचं. किल्लीच्या घड्याळाची मूळ अडचण अशी: स्प्रिंग पूर्ण आवळलेली असताना जोर जास्त, सैल पडत गेली की जोर कमी. बॅलन्स व्हीलचे झोके त्यामुळे बदलतात आणि वेळ चुकते. १९६० च्या दशकात फेवर ल्युबाने यावर काय केलं, तर एका मोठ्या स्प्रिंगऐवजी दोन छोट्या बसवल्या. जोर जास्त वेळ एकसारखा राहिला, आणि मशीनची जाडी जेमतेम तीन मिलिमीटरच्या आसपास! आमच्या भाषेत सांगायचं तर प्रश्न आर्किटेक्चरच्या पातळीवरच सोडवला.

दुसरं एचएमटीचं. परकीय चलनाची चणचण, आयातीवर बंधनं, आणि त्यामुळे चोरट्या मार्गाने येणाऱ्या घड्याळांना मुंबईत तुफान मागणी, असा तो काळ. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या तांत्रिक सहकार्याने बंगळूरला कारखाना उभा राहिला. 'जनता' हे त्यांचं गाजलेलं किल्लीचं मॉडेल. सतरा ज्वेल्स, एकच स्प्रिंग, कुठेही चमत्कार नाही.

पण जरा हिशेब करून बघा. हे मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. दिवसात अर्धा मिनिट पुढेमागे झालं तर आपण नाक मुरडतो. प्रत्यक्षात ती चूक ०.०३५ टक्के! बॅटरी नाही, चिप नाही, आणि हे एकच घड्याळ नव्हे, कारखान्यातून हजारोंनी निघणारं प्रत्येक घड्याळ.

मग भारी कारागिरी कुणाची? कल्पकतेत फेवर ल्युबा सरस, यात वादच नाही. पण मला विचाराल तर जनताचं यश वेगळ्या जातीचं आहे. तोच भाग पुन्हा पुन्हा तितकाच अचूक बनवायचा, म्हणजे एका घड्याळाचं चाक दुसऱ्यात बसतं आणि कुठल्याही गावातला घड्याळजी भिंग-चिमटा घेऊन दुरुस्ती करू शकतो. सहा दशकांनंतरही ही घड्याळं चालतात ती कारखान्यामुळे जितकी, तितकीच या माणसांमुळे. १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आली आणि किल्ली मागे पडली. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करायचा निर्णय घेतला. कारखान्याला टाळं लागलं तरी कौशल्य गल्लीत शिल्लक राहिलं.

याच कौशल्याला एक काळी बाजूही आहे. जगभरचे संग्राहक ज्याला हेटाळणीने 'मुंबई स्पेशल' म्हणतात ती घड्याळं: नव्याने रंगवलेली भडक डायल, तीन घड्याळांतून जमवलेले भाग, आणि वर 'अस्सल जुनं' अशी जाहिरात. जुने भाग घालून बंद घड्याळ चालू करणं यात मला काहीच गैर वाटत नाही, उलट हीच तर खरी कला. फक्त ते सांगून करावं. रंग देऊन लपवलं की कलेची लबाडी होते.

असो. जुनं घड्याळ घ्यायचंच असेल तर डायलवर भाळू नका, झाकण उघडायला लावून मशीन बघा. आणि घरातलं बंद पडलेलं असेल तर ते ऑनलाइन विकायच्या आधी वांद्र्याच्या बाजार रोडला एक चक्कर मारा. एखादा जुना घड्याळजी अजून भिंग लावून बसलेला दिसला, तर साफसफाई आणि ऑइलिंगचे तो सांगेल तेवढे पैसे द्या, घासाघीस करू नका. त्याच्या हातातलं काम कुठल्याही कारखान्यातून पुन्हा मागवता येणार नाही.