हुसेबी : ओस्लोने विसरलेला उतार

१/ ओस्लो म्हटले की होल्मेनकोलेनचा स्की-उडीचा मनोरा आठवतो. परंतु या शहराला स्की-उडीचे वेड लावले ते एका वेगळ्याच उताराने. त्याचे नाव हुसेबी. 🧵

२/ तेव्हा ओस्लोचे नाव ख्रिस्तियानिया होते. १८६८ मध्ये येथील स्पर्धा सोंड्रे नोर्हाइम याने जिंकली. टेलिमार्कमधील मोर्गेदालचा हा बेचाळीस वर्षांचा गरीब कष्टकरी. पिळलेल्या लवचीक डहाळ्यांनी त्याची टाच स्कीला घट्ट बांधलेली असे. त्यामुळे उडी मारताना पाय स्कीवरून निसटत नसे.

३/ १८७९ साली शहराच्या पश्चिमेला, हुसेबीच्या उतारावर मोठी स्पर्धा भरली. सुमारे दहा हजार प्रेक्षक जमले. राजा दुसरा ऑस्कर स्वतः हजर होता. राजधानीचे स्पर्धक लांब काठीवर भार टाकून, वेग आवरत खाली येत. टेलिमार्कच्या तरुणांनी मात्र काठीविना वीस मीटरहून लांब झेप घेतली. शहर थक्क झाले!

४/ त्यांच्यापैकी तोर्युस आणि मिक्येल हेम्मेस्तव्हाइट या भावांनी पुढे राजधानीत स्की शिकवण्याची शाळा काढली. खेड्यातील कसब नागरी छंद बनले. मात्र ते घडवणाऱ्यांना मायदेशी पोट भरेना. नोर्हाइम १८८४ मध्ये अमेरिकेला गेला, पाठोपाठ हे दोघे भाऊही. १८९७ मध्ये नोर्हाइमचे नॉर्थ डकोटात निधन झाले.

५/ मग हुसेबीचे काय झाले? उतार सखल भागात होता आणि तेथे बर्फाचा भरवसा नव्हता. १८९० ची स्पर्धा उल्लबाक्केन येथे हलवावी लागली. अखेर आयोजकांनी अधिक उंचीवरचा होल्मेनकोलेन निवडला. ३१ जानेवारी १८९२ रोजी तेथे पहिली स्पर्धा झाली; सर्वांत लांब उडी २१.५ मीटरची होती.

६/ होल्मेनकोलेनची पुढे वारंवार पुनर्बांधणी झाली. १९५२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधील स्की-उडीही तेथेच झाली. हुसेबीला तर मनोरा कधी नव्हताच: नैसर्गिक उतार, बर्फाचा एक कठडा आणि प्रेक्षक. म्हणून भग्नावशेषही उरला नाही. हुसेबीचा परिसर ज्या आकेर तालुक्यात होता, तो १९४८ मध्ये ओस्लोत विलीन झाला. आज तेथे वस्ती आहे.

७/ वास्तू पडली तर निदान दगड साक्ष देतात. बर्फावर उभा राहिलेला इतिहास मात्र त्याच हिवाळ्याच्या अखेरीस वितळतो. होल्मेनकोलेनची कथा सांगताना म्हणूनच आरंभ हुसेबीपासून, आणि त्याही आधी मोर्गेदालपासून करायला हवा.