टिनिकमचा चिखल

फिलाडेल्फियाच्या विमानतळापासून मैलभरावर, डार्बी क्रीकच्या काठी जॉन हाइन्झ राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे. ही क्रीक पुढे डेलावेअर नदीला मिळते. सप्टेंबरच्या सुरुवातीला इथल्या बांधलेल्या तळ्याचं पाणी उतरलं, की चिखल उघडा पडतो आणि उत्तरेकडून दक्षिणेला निघालेले पक्षी त्यावर चरायला उतरतात. परवाच्या शनिवारी लीस्ट सँडपायपर दिसले. चिमणीएवढे, पिवळसर पायांचे, आपल्या छोट्या टिलव्याचे चुलतभाऊच. कडेला मोठे बगळे ध्यान लावून उभे होते. डोक्यावरून दर दोन-चार मिनिटांनी विमान जात होतं, पण एकही पक्षी दचकत नव्हता.

शहराच्या इतक्या जवळ एवढी दलदल कशी काय राहून गेली, असं मला वाटायचं. इतिहास वाचल्यावर कळलं, की ती राहून गेलेली नाही, भांडून राखलेली आहे.

सतराव्या शतकात स्वीडिश, डच आणि इंग्रज वसाहतकरी इथे आले. १६४३ साली न्यू स्वीडनचा गव्हर्नर योहान प्रिंट्स याने टिनिकम बेटावर आपलं ठाणं केलं. तेव्हा इथे भरतीच्या पाण्याची दलदल ५,७०० एकरांहून अधिक होती. वसाहतकऱ्यांनी कोकणातल्या खारबंदिस्तीसारखे बांध घालून गुरांसाठी कुरणं केली. पहिल्या महायुद्धानंतर शहर झपाट्याने वाढलं, भरावावर भराव पडले आणि दलदल जेमतेम २०० एकर उरली.

१९५५ साली गल्फ ऑइल या तेल कंपनीने बांधातली १४५ एकर जागा शहराला दिली. मी ज्या तळ्याकाठी उभी होते, ते हेच. पण १९६९च्या सुमारास आय-९५ महामार्ग आणि कचराभूमी अशी दोन संकटं एकदम आली. स्थानिक लोक उभे राहिले, प्रकरण न्यायालयात गेलं. महामार्गाची आखणी बदलली, कचरा टाकणं थांबलं. १९७२ साली अमेरिकी काँग्रेसने १,२०० एकर संपादनाला मंजुरी देणारा कायदा केला. या कामात साथ देणारे सिनेटर जॉन हाइन्झ १९९१ साली विमान अपघातात गेले, आणि त्याच वर्षी त्यांचं नाव या जागेला दिलं गेलं.

माझं आजोळ उरणचं. नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून मामा म्हणतो, "आता तू थेट घरीच उतरशील." मलाही ते हवंच आहे. पण त्याच भरावाखाली खाडीचा चिखल आणि खारफुटी गेली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. टिनिकमला लोक उभे राहिले, तेव्हा ५,७०० एकरांतले २०० उरले होते. आपण किती उरेपर्यंत थांबणार?

मामाला सँडपायपरचा फोटो पाठवला. त्याने विचारलं, "हा आपल्याकडचा काय गं?"

म्हटलं, "हा नाही रे, याचा भाऊ. तो येतच असेल तिकडे. बघ, चिखल आहे का."