विशेषण : भर घालणारे की भेद दाखविणारे?

सुमारे तीस वर्षांपूर्वी, कॉलेजात येण्याच्या आधी, आम्ही कोकणातील एका हायस्कुलात इंग्रजी शिकवीत होतो. नववीच्या मुलांस 'पावसाळ्याचा पहिला दिवस' या विषयावर इंग्रजी निबंध लिहावयास दिला होता. एक वही सोडली तर सर्व वह्यांत समुद्र निळा, गवत हिरवे आणि देखावा 'ब्यूटिफुल' होता. उरलेल्या वहीत एका मुलाने मोडक्या व्याकरणात, समुद्र ओल्या पाटीच्या रंगाचा दिसत होता, असे लिहिले होते. आम्ही तांबड्या शाईने ते शब्द खोडले व वर 'ब्लू' असे लिहिले. वर्गाच्या खिडकीतून त्या वेळी दिसणारा समुद्र मुळीच निळा नव्हता, हे आमच्या ध्यानात यावयास पुढे बरीच वर्षे लागली. इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास शिकविताना ती वही आम्हांस वारंवार आठवते. कारण आमच्या हातून घडलेली चूक त्या इतिहासात फार मोठ्या लोकांच्या हातूनही घडलेली आहे.

प्रथम नावाचाच विचार करू. 'अ‍ॅड्जेक्टिव्ह' हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून निघाला त्याचा अर्थ 'जोडीला टाकणे', 'भर घालणे' असा आहे. आपला 'विशेषण' हा शब्द निराळेच सांगतो. वस्तूचा विशेष दाखवून तिला इतरांपासून वेगळी काढते ते विशेषण. मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त साभिप्राय विशेषणांच्या योजनेस 'परिकर' हा अलंकार मानले, आणि ज्या शब्दावाचून अर्थाचे काही अडत नाही त्याच्या योजनेस 'अपुष्ट' हा दोष ठरविला. विशेषण भर घालते की भेद दाखविते, हा प्रश्न इंग्रजी लेखकांसही पडला होता; त्याचे उत्तर मात्र त्यांस सायासाने मिळाले.

अठराव्या शतकातील इंग्रजी काव्य पाहावे. थॉमसनच्या 'सीझन्स'मध्ये (१७२६ ते १७३०) आणि त्याच्या अनुकरणाने लिहिलेल्या असंख्य कवितांत मासे म्हणजे परधारी प्रजा, पक्षी म्हणजे पंखधारी प्रजा, अशी वर्णने येतात. यामागे अडाणीपणा नव्हता. लॅटिन कवींचा आदर्श या लोकांपुढे होता, आणि विद्येचा तोच मानदंड समजला जाई. परंतु परिणाम असा झाला, की एका नदीचे विशेषण दुसऱ्या कोणत्याही नदीस चालू लागले. इंग्लंडातले रान पाहावयाचे, पण ते रोमच्या डोळ्यांनी! वर्ड्स्वर्थने १८०० साली 'लिरिकल बॅलड्स'च्या प्रस्तावनेत या ठरीव भाषेविरुद्ध तक्रार केली, आणि आपण वर्ण्य विषयावरची नजर ढळू दिली नाही, असा दावा केला.

हे काम त्याच्याही आधी एका ग्रामीण धर्मोपदेशकाने निमूटपणे केले होते. हॅम्पशायर परगण्यातील सेल्बोर्न गावचा गिल्बर्ट व्हाइट याने आपल्या पंचक्रोशीतील जीवसृष्टीविषयी मित्रांस लिहिलेली पत्रे १७८९ साली पुस्तकरूपाने निघाली. 'विलो-रेन' या नावाखाली मोडणारे चिमुकले पक्षी इतके सारखे दिसत, की त्यांतील भेद सहसा कोणाच्या लक्षात येत नसे. व्हाइटने कान देऊन ऐकले आणि १७६८ साली निश्चयाने लिहिले, की या जाती तीन आहेत. तिघांचे स्वर वेगळे. त्यांतील सर्वांत पिवळा पक्षी आकारानेही मोठा. त्याच्या पंखांतील पिसांची टोके पांढरी. तो 'बीच' वृक्षांच्या उंच शेंड्यांवर बसून नाकतोड्यासारखा सूर काढतो आणि गाताना किंचित् पंख थरथरवितो. या वर्णनात 'सुंदर' हा शब्द नाही. पण प्रत्येक विशेषण उरलेल्या दोन पक्ष्यांस बाजूला सारते, आणि वाचकापुढे एकच पक्षी उभा राहतो.

पुढे शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट रंगांच्या बाबतीत साधली. जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नर याने १७७४ साली खनिजांची बाह्य लक्षणे सांगताना रंगांस निश्चित नावे देण्याचा प्रयत्न केला. एडिंबरोचा चित्रकार पॅट्रिक साइम याने तो वाढवून १८१४ साली पुस्तक छापले. १८२१ च्या आवृत्तीत ११० रंग आहेत. प्रत्येक रंगापुढे प्राणी, वनस्पती आणि खनिज यांतील उदाहरणे देण्याची त्याची रीत होती. 'प्रशियन निळा' म्हणजे कोणता, तर रानबदकाच्या नराच्या पंखावरील ठिपक्याचा. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावरील सफरीत हे पुस्तक जवळ बाळगून होता. १८३२ च्या आरंभी केप व्हर्ड बेटांच्या किनाऱ्यावर रंग पालटणारा अष्टपाद प्राणी त्याने पाहिला, तेव्हा त्या छटांची नावे त्याने साइमच्याच यादीतून घेतली.

ही पद्धत आपल्या आयाबहिणींस नवी वाटणार नाही. लुगड्यांच्या दुकानात मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, अंजिरी, मोतिया, शेंदरी ही नावे त्या सहज घेतात. तीही प्राणी, फळे आणि खनिजे यांवरूनच पडलेली आहेत. स्वयंपाकघरात तेल खवट असते, ताक आंबूस असते, दाणे खरपूस असतात, भांडे ओशट असते. ज्या मुलाच्या कानावर दररोज असले शब्द पडतात, तोच मुलगा इंग्रजी निबंधास बसला की त्याच्याजवळ 'नाइस' आणि 'ब्यूटिफुल' एवढेच उरतात. खवट वास त्याने शेकडो वेळा घेतलेला असतो, पण त्यास 'रॅन्सिड' म्हणतात हे कोणी सांगितलेले नसते. मराठी निबंधातही 'हिरवेगार' आणि 'निळेशार' यांपलीकडे तो क्वचितच जातो, हेही कबूल केले पाहिजे. थॉमसनचे अनुयायी रोमच्या डोळ्यांनी पाहत. आपली मुले मार्गदर्शक पुस्तकांच्या डोळ्यांनी पाहतात.

यावर उपाय म्हणून विशेषणांच्या लांब याद्या पाठ करवून घेण्याची चाल आहे. ती आम्हांस निरुपयोगी वाटते, कारण यादीने भर वाढते, भेद कळत नाही. मुलास आधी वस्तूसमोर बसवावे. त्याला जे दिसते ते मायबोलीत सांगू द्यावे. मग त्या अर्थाचा इंग्रजी शब्द शिक्षकाने त्याच्यासह शोधावा. शब्द न सापडल्यास व्हाइटप्रमाणे 'अमक्यासारखा' म्हणून काम भागवावे. आणि लिहून झाल्यावर प्रत्येक विशेषणास एकच प्रश्न विचारावा : हे दुसऱ्या कोणत्याही समुद्रास, झाडास, माणसास चालले असते काय? चालले असते, तर ते गाळावे.

यात केवळ गुणांचा प्रश्न नाही. परभाषा शिकताना आपण पाहिलेले खोटे आणि पुस्तकातले खरे, अशी ज्या मुलाची समजूत होते, तो हळूहळू पाहणेच सोडतो. त्या नववीतल्या मुलाने पुढच्या निबंधात समुद्र निळा लिहिला होता. आम्ही त्यास दहापैकी सात गुण दिले.