व्हिडिओ एडिट करताना मेमरी का संपते? मोठा प्रोजेक्ट असा सांभाळा

लग्नाचं सहा तासांचं फुटेज, तीन कॅमेरे आणि सकाळी द्यायचा व्हिडिओ. एक्सपोर्ट ९० टक्क्यांवर येतो आणि स्क्रीनवर मेसेज झळकतो: मेमरी अपुरी आहे. घाईघाईत अनेक जण हार्ड डिस्क रिकामी करायला घेतात. पण हा मेसेज बहुतेक वेळा रॅमबद्दल किंवा ग्राफिक्स कार्डच्या मेमरीबद्दल असतो.

असं का होतं?

मोबाइल किंवा कॅमेऱ्याची व्हिडिओ फाइल कॉम्प्रेस केलेली असते. एडिटिंग करताना सॉफ्टवेअरला त्यातली एकेक फ्रेम पूर्ण उलगडावी लागते. फोर-के फ्रेममध्ये ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. एका पिक्सेलला ४ बाइट धरले, तर एक फ्रेम होते ३३ एमबीची. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे जवळपास १ जीबी! सगळं फुटेज एकाच वेळी रॅममध्ये जात नाही. पण जितके लेयर आणि इफेक्ट जास्त, तितक्या फ्रेम एकाच वेळी धरून ठेवाव्या लागतात.

काय कराल?

प्रॉक्सी बनवा: प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी कॉपी. प्रीमियर प्रो, दा विंची रिझॉल्व्ह, फायनल कट प्रो या तिन्हींत ही सोय आहे. कटिंग प्रॉक्सीवर करा. मात्र अंतिम एक्सपोर्ट मूळ फाइलमधूनच करायचा असतो, त्यामुळे ती डिलीट करू नका.

फोटो लहान करा: ४८ मेगापिक्सेलचा एक फोटो उघडल्यावर सुमारे १९२ एमबी घेतो. फोर-के व्हिडिओसाठी ३८४० पिक्सेल रुंदी पुरते. झूम करायचा असेल, तर थोडी जास्त ठेवा.

प्रोजेक्टचे भाग पाडा: हळद, लग्न, रिसेप्शन अशा वेगळ्या टाइमलाइन ठेवा. काम फारच मोठं असेल तर प्रोजेक्ट फाइलही वेगळ्या करा.

जड इफेक्ट आधी रेंडर करा: नॉइज रिडक्शनसारखे इफेक्ट खूप मेमरी खातात. प्रीमियरमध्ये 'रेंडर अँड रिप्लेस', तर रिझॉल्व्हमध्ये 'रेंडर इन प्लेस' वापरून त्या क्लिपची तयार फाइल करून घ्या.

सेटिंग तपासा: प्रीमियरच्या मेमरी सेटिंगमध्ये इतर अ‍ॅप्ससाठी किती रॅम राखून ठेवली आहे, ते दिसतं. ती थोडी कमी करा. 'ऑप्टिमाइझ रेंडरिंग फॉर'मध्ये 'मेमरी' निवडा. ब्राउझरही बंद ठेवा.

तरीही एक्सपोर्ट अडकतोय?

तो दरवेळी एकाच ठिकाणी थांबत असेल, तर त्या जागेची क्लिप किंवा इफेक्ट तपासा. नाहीतर व्हिडिओ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये एक्सपोर्ट करा आणि नव्या टाइमलाइनवर जोडा. डिस्कवर जागा जास्त लागेल, पण एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा करावा लागेल.