लाड नव्हेत, रक्तातील घटक

‘आमच्या मुलीला शेंगदाणा चालत नाही,’ असे आई पाळणाघरात सांगून जाते. ‘नुसते लाड! थोडे थोडे दिले की सवय होईल,’ असे ऐकणाऱ्याला वाटते. या समजुतीला १९२१ सालीच उत्तर मिळाले आहे.

ब्रेस्लाऊ येथील (आज हे शहर पोलंडमध्ये आहे) डॉक्टर क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांचे सहकारी प्राउस्निट्झ यांना माशांचा काहीच त्रास नव्हता. क्युस्टनर यांच्या रक्तातील सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा पिवळसर द्रव, प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तेथे गांध उठली! म्हणजे दोष मनात नव्हता, रक्तात होता.

हा घटक कोणता? १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमधील योहानसन व बेनिच यांनी तो ओळखला. तो म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन-ई हे प्रतिपिंड. ते मास्ट पेशींवर बसलेले असते. ठरावीक प्रथिन भेटताच या पेशी हिस्टामिन बाहेर टाकतात. काही मुलांना त्यासाठी अगदी थोडा अंशही पुरतो.

म्हणून अशा मुलाचा डबा व चमचा वेगळा हवा, आणि डॉक्टरांनी दिलेली पथ्याची यादी स्वयंपाकघरात लावलेली हवी. ओठ सुजले, श्वास लागला, तर पालकांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. तेथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय असतो. प्राउस्निट्झ यांनी प्रयोग स्वतःवर केला. आपण तो दुसऱ्याच्या मुलावर करू नये.