शिकागोचा सत्तेचाळिसावा रस्ता

मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या शिकागो शहराच्या दक्षिण भागात, पश्चिमेच्या लोहमार्गापासून पूर्वेच्या कॉटेज ग्रोव्ह मार्गापर्यंत जी एक चिंचोळी पट्टी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णवर्णीय नागरिकांच्या वाट्याला आली, तिच्या हद्दी कोणत्याही सरकारी नकाशावर आखलेल्या नव्हत्या. त्या आखल्या होत्या खाजगी मिळकतींच्या दस्तऐवजांनी. आपले घर या वंशाच्या मनुष्यास विकणार नाही, भाड्यानेही देणार नाही, असा करारनामा शेजारपाजारचे घरमालक आपसांत करीत, तो रीतसर नोंदवून दप्तरी दाखल होई, आणि कोणी तो मोडलाच तर फिर्यादीला न्यायालय मोकळे असे. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हा निवाडा देण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९४८ साल उजाडावे लागले. १९१० साली शहरातील कृष्णवर्णीयांची संख्या सुमारे ४४,००० होती, ती १९५० साली ४,९२,००० झाली. मिसिसिपीहून, अलाबामाहून, जॉर्जियाहून आगगाडीने येणारा हा सारा लोंढा प्रामुख्याने याच पट्टीत आणि तिच्या सभोवार सामावला गेला. लोक तिला ब्रॉन्झव्हिल म्हणत.

या स्थलांतरामागे दक्षिणेतील जाच आणि उत्तरेतील कारखान्यांची मजुरी ही कारणे होतीच, परंतु वृत्तपत्राचा हातही लहान नव्हता. रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ साली काढलेला ‘शिकागो डिफेंडर’ पुलमन कंपनीच्या शयनयानांतून चाकरी करणारे कृष्णवर्णीय सेवक दक्षिणेतील गावोगावी पोहोचवीत, आणि ज्याला अक्षरओळख नसे तो दुसऱ्याकडून वाचून घेई.

कोंडवाड्याचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. एकेका खोलीत एकेक कुटुंब कोंबून अव्वाच्या सव्वा भाडे उकळणारे मालक आणि क्षयाने पोखरलेल्या चाळी या वस्तीने पुरेपूर पाहिल्या. तथापि डॉक्टर, वकील, शिक्षक, कत्तलखान्यातील मजूर, धर्मोपदेशक आणि आकड्याच्या बेकायदा सोडतीवर गबर झालेले धनिक या सर्वांना एकाच मुलखात नांदणे भाग पडल्यामुळे तेथे एक असा श्रोतृवर्ग तयार झाला, की ज्याच्यापुढे उभे राहणाऱ्या गायकाला आश्रयासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाकडे पाहण्याची गरज उरली नाही. सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर १९२७ साली सॅव्हॉय नृत्यगृह आणि १९२८ साली त्याच्या शेजारी रीगल नाट्यगृह उभे राहिले, ते याच श्रोत्यांच्या बळावर.

पुढे ‘सोल’ या नावाने जगभर गाजलेल्या गायनाचा उगम मात्र नाट्यगृहापेक्षा चर्चमध्ये शोधावा लागतो. टॉमस डॉर्सी हा जॉर्जियाचा तरुण १९१६ च्या सुमारास शिकागोस आला आणि ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने चावट ब्लूज गाऊन पोट भरू लागला. १९३२ साली त्याची पत्नी प्रसूतीत गेली, पाठोपाठ नवजात मुलगाही गेला, आणि त्या आघातानंतर त्याची सारी प्रतिभा भक्तिगीतांकडे वळली. प्रतिष्ठित मंडळींना गुत्त्यातील ताल देवाच्या दारी येणे रुचेना. पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये डॉर्सीने दीर्घकाळ गायकवृंद चालविला, आणि महालिया जॅक्सनसारख्या गायिकेने त्याची गीते मंडळीमंडळींतून गाऊन दाखविली, तेव्हा कोठे विरोध ओसरला. सॅम कुक हा याच परिसरात वाढलेला धर्मोपदेशकाचा मुलगा. ‘सोल स्टिरर्स’ या भजनी चमूचा अग्रगायक म्हणून नावारूपास आल्यावर १९५७ साली तो उघडपणे प्रेमगीतांकडे वळला, तेव्हा भाविकांना तो धर्मद्रोह वाटला. डॉर्सी गुत्त्यातून देवळात आला होता, कुक देवळातून बाहेर पडला; वाट एकच होती.

गायकांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात, गुरूंची लिहिली जात नाहीत, म्हणून कॅप्टन वॉल्टर डायेट या शाळामास्तराविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. इलिनॉयच्या आठव्या पलटणीच्या बँडचे प्रमुख असलेले हे गृहस्थ १९३१ साली वेंडेल फिलिप्स विद्यालयात संगीतशिक्षक झाले आणि काही वर्षांनी नव्याने बांधलेल्या डुसेबल विद्यालयात गेले. पलटणीची शिस्त त्यांनी वर्गात आणली. चुकीचा स्वर लागला की तो कोणाच्या वाद्यातून निघाला हे भरगच्च वाद्यवृंदातूनही ते नेमके हेरीत, आणि मग अपराध्याची धडगत नसे. नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जीन अ‍ॅमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन ही त्यांच्या हाताखालून गेलेल्यांतील काही नावे. सरकारी शाळेच्या तुटपुंज्या सामग्रीवर एका शिक्षकाने केलेले हे काम कोणत्याही संगीत महाविद्यालयाला भूषणावह ठरावे. घरंदाज उस्तादांच्या कथा भक्तिभावाने सांगणाऱ्या आपल्या रसिकांनी डायेट मास्तरांचेही नाव ध्यानात ठेवावे.

येथे एक किंचित विषयांतर क्षम्य ठरावे. शिकागोच्या व्हेंडोम चित्रगृहात लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वाजविणारा पियानोवादक टेडी वेदरफोर्ड पूर्वेकडे आला आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. अशा कृष्णवर्णीय वादकांच्या सहवासात गोमंतकीय वादकांची एक पिढी जॅझमध्ये तयार झाली. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो शावियर वाझ हे त्या पिढीतले. त्यांच्या साथीचा रंग सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांच्या ‘अलबेला’तील गाण्यांना १९५१ साली चढला. वेदरफोर्ड १९४५ साली कलकत्त्यास पटकीने वारला.

चित्रकला व साहित्य यांनाही वस्तीने असाच आसरा दिला. मंदीच्या काळात सरकारने कलावंतांना काम देण्यासाठी आखलेल्या योजनेतून देशभर शंभराहून अधिक कलाकेंद्रे निघाली. त्यांपैकी येथील केंद्रासाठी एका धान्यव्यापाऱ्याचा जुना वाडा घेताना मार्गारेट बरोज व तिच्या सोबत्यांनी भर रस्त्यात उभे राहून दहा-दहा सेंटांची नाणी गोळा केली. १९४१ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. छायाचित्रकार गॉर्डन पार्क्सची काळोखी खोली याच वाड्याच्या तळघरात होती, आणि येथील काव्यवर्गात बसलेल्या ग्वेंडोलिन ब्रुक्स यांना १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका.

व्यापाराचा रस्ता मात्र निराळा होता. साउथ मिशिगन मार्गावर ध्वनिमुद्रण कंपन्यांची रांगच लागली, तिला ‘रेकॉर्ड रो’ म्हणत. पोलंडहून आलेल्या ज्यू चेस बंधूंची पेढी तेथे होती आणि व्हिव्हियन कार्टर व जेम्स ब्रॅकन या कृष्णवर्णीय दांपत्याने १९५३ साली शेजारच्या गॅरी गावी काढलेली ‘व्ही-जे’ कंपनीही तेथेच आली. बीटल्सच्या तबकड्या अमेरिकेत प्रथम काढल्या त्या याच ‘व्ही-जे’ने, आणि तरीही १९६६ साली तिचे दिवाळे वाजले, कारण विक्री वाढली तरी हिशेबाची घडी बसली नव्हती. हा धडा ज्याने नेमका घेतला तो कर्टिस मेफिल्ड. आजीच्या चर्चमध्ये गायलेला, पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर गिटार लावून स्वतःच शिकलेला हा मुलगा ऐन विशीत आपल्या गीतांचे हक्क स्वतःच्या नावे राखू लागला आणि १९६८ साली त्याने ‘कर्टम’ ही स्वतःची कंपनी काढली. त्याच्या गीतांनी नागरी हक्कांच्या मोर्चांना स्वर दिला, हे सर्वश्रुत आहे. मला त्याहून अधिक कौतुक त्याच्या दस्तऐवजांचे वाटते.

१९६७ च्या ऑगस्टात त्रेचाळिसाव्या रस्त्यावरील एका पडक्या इमारतीच्या भिंतीवर चित्रकारांनी आपल्या वीरांची, कवींची आणि गायकांची चित्रे रंगविली. ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ या नावाने ती ख्यात झाली आणि अमेरिकेतील भित्तिचित्रांच्या चळवळीची जननी ठरली. १९७१ साली त्या इमारतीला आग लागली आणि ती पाडण्यात आली. स्थानिक दूरचित्रवाणीवर १९७० साली डॉन कॉर्नेलियसने सुरू केलेला ‘सोल ट्रेन’ हा कार्यक्रम वर्षभरात लॉस एंजेलिसला गेला. करारांच्या भिंती पडताच ऐपतदार कुटुंबे बाहेर पडली होती, जुन्या घरांच्या जागी स्टेट मार्गावर सोळा-सोळा मजल्यांच्या अठ्ठावीस इमारती आल्या होत्या, आणि १९७३ साली रीगल जमीनदोस्त झाले. ज्या न्यायाने वस्तीला मोकळीक मिळाली त्याच न्यायाने तिचा श्रोतृवर्ग पांगला. यात न्यायाचा दोष नाही, दोष आहे तो घरे पाडताना नाट्यगृहे, शाळा आणि दुकाने यांचा हिशेब न मांडणाऱ्या नगररचनेचा. मंदीतील त्या शंभरावर केंद्रांपैकी आपल्या मूळ वास्तूत आजही चालू असलेले कलाकेंद्र एकच आहे, आणि ते नाण्यांच्या वर्गणीतून घेतलेल्या त्याच वाड्यात, ३८३१ साउथ मिशिगन मार्ग येथे आहे.